उरलेली उजवी बाजू

ठकीला दोन्ही कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि घरात खल सुरू झाला. मोठं कॉलेज एखाद्या शहराएवढं. तिथे वर्षभर चार विषय चाखून मग एक धरता येत असे. लहान कॉलेजात मुलं मूठभर, पण विषय पहिल्याच दिवशी सांगायचा. ठकीचं तर काहीच ठरत नव्हतं. आई म्हणायची, "हिला भाजी कुठली करू विचारलं तरी 'काहीही' म्हणते, ही विषय काय निवडणार!"

बाबांचं मात्र लहान कॉलेज ठरलेलं होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर भिंगं घासायची आणि मोजकं बोलायचं असा माणूस. त्यांची धाकटी बहीण त्या लहान कॉलेजात शिकता शिकता तापाने गेली, ठकीच्या जन्माआधी. ठकी हुबेहूब आत्यावर गेलेली. पाहुणे तिला बघून बोलता बोलता गप्प होत, आणि चिमुरडी ठकी गोंधळून आईच्या मागे दडे.

ते लहान कॉलेज पाहायला बाप-लेक मिळून गेले. आत्याला शिकवलेल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई आता पार थकल्या होत्या. ठकीला दारात पाहून त्या दचकल्या नाहीत. कालच गेलेली मुलगी आज परत यावी तशा हसल्या आणि तिला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या.

तिथली रीत अशी, की प्रत्येक विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून पाहून एक मोठं चित्र काढायचं आणि ते भिंतीवर कायमचं राहायचं. आत्याचं चित्रही होतं, पानाच्या आडव्या छेदाचं. सगळी छटा पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांची. डावी बाजू पुरी झालेली, उजवी कोरी. बाईंनी ते खाली उतरवलं, आत्याने पाहिलेली तीच जुनी काचपट्टी भिंगाखाली सरकवली आणि ठकीच्या हातात पेन्सिल दिली.

"बस," त्या मायेने म्हणाल्या. "तुझीच वाट बघत होतं ते."

ठकी बसली. एका डोळ्याने भिंगात पाहायचं, दुसऱ्याने कागदावर, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण जमलं. ठिपक्यामागून ठिपका पडत गेला. इतकी गोडी तिला आजवर कशातच वाटली नव्हती. मान वर केली तेव्हा बाबा मागे उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. आत्याचा हात कुठे थांबला आणि आपला कुठे सुरू झाला, ते ठकीने कागदावर शोधून पाहिलं. सांधा दिसेना. तिने पेन्सिल खाली ठेवली.

परतीच्या बसमध्ये बाबा खुशीत होते. आता प्रश्नच मिटला, म्हणत होते.

"बाबा, मी मोठ्या कॉलेजात जाते."

"अगं, आवडलं ना तुला?"

"आवडलं. पण ते मला आवडलं की तिला, ते कळत नाही."

बाबा खिडकीकडे वळले. "चित्र अर्धंच राहील मग," एवढंच म्हणाले.

"राहू दे," ठकी म्हणाली. त्यांचा हात तिने हातात घेतला.

मोठ्या कॉलेजात तिला कुणी ओळखत नव्हतं. इतिहासाच्या तासाला ती बसली, हिशेबाच्या बसली, खडकांच्या बसली. सगळं बरं वाटे, पण घट्ट धरून ठेवावं असं काही सापडेना. रस्ता चुकून रडकुंडीलाही आली. आणि एके दुपारी, कुठलाही तास नसताना, तिचे पाय वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेसमोर थांबले. ते आपण आणले की आत्याने, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. परत फिरायलाही तिला कुणी अडवणार नव्हतं.

तिने दार ढकललं. आत पाचपन्नास मुलं भिंगांवर वाकलेली होती. एकानेही मान वर करून पाहिलं नाही. ती जरा थांबली, आणि मग रिकामं स्टूल शोधायला लागली.