धूर गिळायचा नसतो

थोरल्या दिरांनी काडी ओढली आणि कपाटाच्या दारावर पॉलिशचा बोळा फिरवणारा तिचा हात मध्येच थांबला. पॉलिशचं असं असतं, हात थांबला की तिथे डाग उमटतो. उमटला.

या खोलीत कधी कोणी काडी ओढली नव्हती. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांचा दरारा अजून भिंतींत होता : इथे स्पिरिट आहे, लाख आहे, भुसा आहे, विडी ओढायची तर रस्ता ओलांडा.

"ज्योत चिकटवायची नाही," दीर तिच्या नवऱ्याला शिकवत होते. "जरा लांब धरायची आणि सिगार फिरवायचा. घाई केलीस की कडू होतो."

घाई! घाई कोणाला आहे?

"दादा, इथे नका पेटवू."

"अगं, काही होत नाही. यानेच सकाळी स्पिरिटचे डबे मागच्या अंगणात नेऊन ठेवलेत."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने सिगारकडे. सकाळी तिने विचारलं होतं, अहो, आज एवढी साफसफाई कशाची? तर म्हणाला, जरा झाडून घेतो.

झाडून घेतलं ते हे.

"जागा विकत घेणारी माणसं उद्या येतील बघायला. इथे शोरूम काढतायत," दीर म्हणाले. "म्हटलं, आज दोघं भाऊ जरा साजरं करू. हं, ओढ आता. दमाने. भसाभसा ओढलास की तापतो, मग चव कसली नि काय. हिला सांगितलंस ना?"

"सांगतो," नवरा म्हणाला.

सांगतो! उद्या माणसं दारात, आणि हा सांगतो.

नवऱ्याने झुरका घेतला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला.

"गिळतोस काय वेड्या! धूर गिळायचा नसतो. तोंडात घोळवायचा, चव घ्यायची आणि सोडून द्यायचा."

तिला हसूच फुटणार होतं. गिळायचा नसतो म्हणे! या घराने तिला दुसरं शिकवलं काय? हात तिचा, गिऱ्हाईक तिचं, पाटी भावांच्या नावाची. गिळ. जागा दादांच्या नावावर राहू दे, घरातच आहे ना? गिळ. नवऱ्याचं प्रत्येक गोष्टीला 'बघू'. तेही गिळ, वर पाणी पी.

हातातला बोळा तिने बशीत आपटला आणि मागच्या अंगणात गेली.

पहिला डबा तिने दोघांच्या मधल्या टेबलावर आदळला. मग दुसरा. नवऱ्याच्या सिगारवर साठलेली राख कपाटाच्या ओल्या दारावर पडली आणि चिकटली.

"अगं ए! पेटता सिगार आहे हातात!" दीर ओरडले.

"मग विझवा."

"सिगार विझवत नसतात," दीर सवयीने बोलून गेले. "चुरगाळला की घाण वास सुटतो. नुसता ठेवून द्यायचा. आपोआप विझतो."

"मीही ठेवूनच दिलं होतं, दादा. इतकी वर्षं. नाही विझलं."

तिने डब्याच्या झाकणावर हात ठेवला. उघडलं नाही. नुसता ठेवला.

दिरांनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तसा भावाच्या बोटांतला सिगार काढून घेतला आणि दोन्ही सिगार लांब धरून अंगणाकडे निघाले.

"हिला आवर," दारातून वळून ते म्हणाले. "हे बायकांनी ठरवायचं नसतं. काय रे? बोल की!"

नवऱ्याने तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तोंड मिटलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

दादांच्या देखत तिने आजवर नवऱ्याला 'अहो' सोडून कधी हाक मारली नव्हती. दादा दारातच उभे होते.

"गिळू नकोस," ती नवऱ्याला म्हणाली. "बोल."