गुरुवारचा मसाला

जायपत्रीची एक पाकळी काट्याच्या ताटलीवर पडली आणि लाल आकडा तसाच राहिला, शून्य — म्हणजे या यंत्राच्या लेखी ती पडलीच नाही... दिलशादने आणखी तीन पाकळ्या टाकल्या तेव्हा कुठे आकडा हलला, आणि समोर बसलेल्या तरुणाने तो कागदावर उतरवला.

"अम्मी, इत्मीनान से," नवेद, तिचा मुलगा, उंबऱ्यातून म्हणाला. "नोएडा कहीं भागा नहीं जा रहा."

भागत नव्हतं खरं. उलट नोएडाच चालत या माडीपर्यंत आलं होतं. अठरा सेक्टरमध्ये काचेच्या दारांचं नवं दुकान, आत गार हवा, बाहेर मोटारी उभ्या करायला जागा. जामा मशिदीमागच्या गल्लीत तिच्या आजेसासऱ्यांपासून चालत आलेली निहारी — रात्रभर मंद आचेवर शिजलेला मांसाचा तो दाट रस्सा, नमाजाहून परतणाऱ्यांनी पहाटे बाकावर बसून रोटीबरोबर खायचा — तिकडे दिवसभर मिळणार होती. मसाला कारखान्यात कुटला जाणार होता, आणि कारखान्याने पाठवलेला हा मुलगा, अविनाश, तिच्या मुठींचे ग्रॅम करत होता.

पंचेचाळीस वर्षं ती दर गुरुवारी या कोठीचं दार लावून मसाला कुटत आली होती. सासूने शिकवताना शपथ घातली होती : मुलींना सांगायचं नाही, त्या परक्या घरी जातात, नोकरांना नाही, फक्त सुनेला. आणि कुटलेला मसाला आठ दिवसच चालतो, मग वास उडतो. मिरजेला जायला दोन दिवस, यायला दोन; मधे उरतील तेवढंच माहेरपण. आई गेल्याची तार आली तो बुधवार होता. "कल कूट के चली जाना, दुल्हन," सासू म्हणाली. आवाजात कठोरपणा नव्हता, तेच वाईट... कठोर असती तर मी भांडले असते. मी कुटला. मिरजेला पोहोचले तेव्हा आईच्या कबरीवरची माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या, आणि माझ्या नखांत अजून सुंठ होती.

आता जुबेदा, धाकटी बहीण, तिथे अंथरुणाला खिळली होती. मागच्या पत्रात तिने लिहिलं होतं, "आपा, ये आणि राहा. परतीचं तिकीट काढू नकोस." काट्याने एकदा सगळं टिपून घेतलं की जाता येईल, दोन महिने, चार महिने — म्हणून तर दिलशादने नवेदला हो म्हटलं होतं. आणि तरीही आज सकाळी नमाजाआधी हात-तोंड धुताना, वजू करताना, तिने ठरवून टाकलं की पिंपळीची एक मूठ मागे ठेवायची. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. नोएडाची निहारी जिभेवर फिकी लागेल, गिऱ्हाईक तोंड वाकडं करील, नवेद धावत जिना चढेल, अम्मी, तुम ही देखो... एवढं मात्र तिला स्वच्छ दिसलं होतं.

बडीशेप झाली. सुंठ झाली. ती नेहमीसारखी पुटपुटत होती. वडील दिल्लीत तारखात्यात होते तेव्हा पहाडगंजच्या मराठी शाळेत घोकलेले ते आकडे. सासू उर्दूत सांगायची, ती मराठीत पाठ करायची, अगदी खुशाल, उघड — या घरात ते कुणाला कळणार होतं?

"पिंपळी, चार मुठी," ती पुटपुटली आणि तीन टाकल्या.

पेन थांबलं.

"आजी," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही चार म्हणालात. टाकल्या तीन."

तिचा हात डब्यातच राहिला. पिंपळीचा तिखट वास नाकात चढला. "तू मराठी?"

"हो. बाबा इथेच सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये. माझं मराठी ऐसे ही आहे." तो ओशाळून हसला. "मघाशी दोन पसे म्हणालात ना, ते नाही कळलं. चार कळलं."

"क्या हुआ भाई?" नवेद.

"कुछ नहीं सर. गिनती पूछ रहा था."

त्याने तिला सांभाळून घेतलं होतं, आणि त्याचाच तिला राग आला. ही एक मूठ टाकली की सुटका. तिने मिरज डोळ्यांपुढे आणली — जुबेदाची खाट, गरम पाण्याची पिशवी, दुपारचा चहा. पहिला दिवस, तिसरा, सहावा. मग गुरुवार. ती तिथे सकाळपासून रिकाम्या हातांनी बसली आहे, आणि इकडे निहारीच्या देगा, ते मोठे हंडे, चुलीवरून उतरताहेत, तिच्यावाचून, आणि चव तीच. कुणाला काही फरक कळत नाही. कुणी पत्र टाकत नाही, कधी येतेस म्हणून...

सासूने मला कोंडलं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आणि आज सकाळी वजूच्या पाण्यात हात असताना — तेव्हा तर सासू नव्हती तिथे.

"आजी, काय लिहू?"

तिने तोंड उघडलं. मराठीत खोटं बोलायची वेळ या घरात तिच्यावर कधी आलीच नव्हती.