ठण आणि भद

"धक्का बंद," नात आजीच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "सोमवारपासून लाँच इथं लागणार नाही. अडतीसपैकी एकतीस खांब पोकळ निघालेत. आणि खाली लिहिलंय, तपासणी तुझ्या सांगण्यावरून."

ठोकआजीनं घासत असलेलं पातेलं खाली ठेवलं. तिला वाटलं, ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला. अलीकडे जास्तच व्हायचा. परवाच शेजारणीनं विचारलं होतं, "गुडघे कसे आहेत?" आणि हिनं डबे समजून ठसक्यात उत्तर दिलं होतं, "दोन पुरे, झाकण घट्ट लाव." शेजारीण गोंधळून घरी गेली. आजीचे कान गेलेत हे नातीखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी आजीची समजूत होती. गावानं ती मोडली नव्हती एवढंच. गिरणीतला तिचा जुना सोबती आठबोट्या तर पाठीमागे म्हणायचाच, "म्हातारीला ऐकू कमी येतं हे आत्ताचं. ऐकून घेणं तिला जन्मात जमलेलं नाही."

"परत वाच," आजी म्हणाली.

नातीनं वाचलं. तिनं शाळेतून येताना धक्क्यावरच्या फळ्यावरची अख्खी नोटीस वहीत उतरवून आणली होती, खालच्या सहीच्या वेलांटीसकट.

"एकतीस?" आजीच्या कपाळावर आठी पडली. "अगं, एकतीस तर ठण होते. भद सातच."

"हो ना. मग ठण म्हणजेच पोकळ ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. रिकामा डबा कसा ठणठण वाजतो. घरात काही नसलं की ठणठणाट."

आजी नातीकडे बघत राहिली. रागवावं की हसावं तिला कळेना. ज्या घरात तीस वर्षं ठण आणि भद या दोन शब्दांवर चूल पेटली, त्या घरातली ही पोर.

"आणि माणूस आजारातून उठला की कसा असतो?" तिनं विचारलं.

"ठणठणीत," नात म्हणाली, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

हे गाव एकेकाळी लाकडाचं होतं. डोंगरातून ओंडके खाली यायचे, गिरणीत चिरले जायचे आणि फळ्या होऊन धक्क्यावरून बोटीत चढायचे. रस्त्यावर भुसा इतका, की पोरं पडली तरी गुडघे फुटायचे नाहीत. आजी सतराव्या वर्षी गिरणीत साली गोळा करायला लागली. एका दुपारी डबा खायला ओंडक्यावर बसली, सहज त्यावर बुक्की मारली आणि मुकादमाला म्हणाली, "हा चिरू नका, आत भुगा आहे." मुकादम हसला. ओंडका करवतीवर चढला, मधोमध फाटला आणि आतून टोपलीभर काळी माती खाली आली. दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिच्या हातात लाकडी मोगरी दिली.

तेव्हापासून गिरणीत आलेलं एकही लाकूड तिचा ठोका खाल्ल्याशिवाय करवतीपाशी गेलं नाही. भरीव लाकूड ठण म्हणायचं, सडकं लाकूड भद. हजेरीपटात तिच्या कामाला नाव नव्हतं, तिथं 'किरकोळ' असं लिहायचे. पण मुख्य करवतीवरचा आठबोट्या तिच्या मानेच्या इशाऱ्याशिवाय पट्टा सुरू करत नसे. त्याची दोन बोटं गेली होती ती आजी येण्याआधी, सडक्या लाकडात करवत अडकून उडाली तेव्हा. ती आल्यानंतर त्या गिरणीत कुणाचं नखही गेलं नाही. हे कुणी कुठं लिहून ठेवलं नाही. तिला मात्र पाठ होतं.

मग डोंगर बोडका झाला आणि गिरणी थांबली. निम्मं गाव उठून गेलं. राहिला तो धक्का. त्याचे अडतीस खांब चारशे ओंडक्यांतून तिनंच निवडले होते. आता त्या धक्क्याला दिवसातून चार वेळा लाँच लागायची. पोरं पलीकडच्या शाळेत जायची, बाळंतिणी दवाखान्यात जायच्या, मासळी बाजारात जायची. लाँच गेली की गावाचं नाक दाबलंच.

म्हणून महिन्यापूर्वी बंदर खात्याचा तरुण साहेब तपासणीला आला आणि लोकांनी तिचं नाव सांगितलं, तेव्हा ती फुगली होती. ओहोटीच्या चिखलात खांबाखांबाला मोगरी मारत ती सांगत गेली, तो वहीत लिहीत गेला. ठण. ठण. भद. ठण. त्यानं शेवटी तिचा फोटोही काढला.

"चप्पल आण," ती नातीला म्हणाली. "आणि ती मोगरी."

धक्क्यावर अर्धं गाव गोळा झालं होतं. खाली ओहोटीनं पाणी मागं सरलं होतं आणि उघड्या पडलेल्या खांबांवर लाल रंगाच्या फुल्या होत्या. साहेबाची माणसं साखळी करवत घेऊन उभी. लाँचवाला आपल्या इंजिनाच्या धुरात तोंड पाडून बसला होता.

आजी आली तशी गर्दीनं वाट दिली. कुणी काही बोललं नाही. निदान तिला तसं दिसलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. शिव्यांना उत्तरं तिच्याकडे तयार असायची.

आठबोट्या मात्र पुढं आला आणि तिला समजावं म्हणून तोंड मोठं करून म्हणाला, "कान गेले होते तर तसं सांगायचं होतंस, म्हातारे. मी गेलो असतो साहेबाबरोबर."

"तू गेला असतास तर खांब मोजायला दोनदा जावं लागलं असतं. बोटं पुरली नसती."

दोघं-तिघं हसले. आठबोट्याही गालात हसला, आणि मग त्याचा चेहरा पुन्हा उतरला. "गाव बुडतंय, बये," तो म्हणाला.

ती चिखलात उतरली, मागोमाग नातही. साहेब खांबाजवळ उभा राहून कागदात डोकं खुपसून होता. माणूस वाईट नव्हता. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्यानं फळीचा तुकडा टाकून घेतला होता, तो त्यानं तिच्यासाठी सोडला.

"साहेब, उलटं लिहिलंत तुम्ही," ती म्हणाली. "ठण म्हणजे भरीव. पोकळ ते भद. फुल्या चांगल्या खांबांवर पडल्यात."

"आजी, ठण म्हणजे रिकामा आवाज. आमच्या कार्यालयात पाच जणांनी वाचलं, पाचांनी तेच म्हटलं."

"पाचांतल्या किती जणांनी लाकडात हात घातलाय?"

साहेब ओशाळला, पण हटला नाही. या वेळी कागदात मान घालून त्यानं काहीतरी विचारलं. त्याचे ओठ तिला दिसले नाहीत. खांबांचाच आकडा विचारला असणार, असा अंदाज करून ती ठासून म्हणाली, "एकतीस."

वर हशा पिकला. तो ऐकू आला नाही तरी खांदे हलताना तिला दिसले. नातीनं वाकून तिच्या कानात सांगितलं, "आजी, त्यांनी तुझं वय विचारलं."

आजीनं मोगरी खाली टेकवली. इतकी वर्षं झाकलेलं असं भर चिखलात उघडं पडलं होतं. क्षणभर तिला वाटलं, मोगरी नातीच्या हातात द्यावी आणि घरी जाऊन ते पातेलं घासून टाकावं. मग तिची नजर पाचव्या खांबावर गेली. त्यावर फुली नव्हती. तो भद होता. हे लोक चांगले एकतीस कापणार आणि धक्क्याचं ओझं या कुजक्या सातांवर टाकणार. लाटेच्या पहिल्याच तडाख्यात वरची माणसं पाण्यात.

"नाही येत ऐकू," ती म्हणाली. किती मोठ्यानं, ते तिला कळलं नाही, पण वरचे खांदे हलायचे थांबले. "पंधरा वर्षं झाली. पण साहेब, एक सांगा, आमची करवत सुरू असताना तुम्ही कधी गिरणीत उभे राहिलात?"

साहेबानं नकारार्थी मान हलवली.

"तिच्या किंचाळण्यात शेजारच्याची हाक यायची नाही. तिथं लाकडावरचा ठोका कानानं कोण ऐकणार? मी पहिल्या दिवसापासून हातानं ऐकतेय. एका हातानं मारायचं, दुसऱ्या तळव्यात येतं. नाहीच कळलं तर जबडा टेकवायचा. कान कशाला लागतात?"

"हे खरं आहे," वरून आठबोट्या ओरडला. तो कठड्यावर इतका वाकला होता की लाँचवाल्यानं त्याचा सदरा धरला होता. "मी तीस वर्षं समोर उभा होतो. म्हातारी लाकडाला मिठी मारून उभी राहायची. आम्हाला वाटायचं, दमली असेल."

"गिरमिट आहे ना तुमच्याकडे?" आजीनं साहेबाला विचारलं. "पाडा दोन भोकं. फुलीवाला एक, बिनफुलीचा एक. फुलीवाला कुठलाही घ्या, तुमच्या मनाचा. बिनफुलीचा हा पाचवा घ्या. आत भुगा नसला, तर मी वर चढून धक्क्यावर उभी राहून माफी मागते, आणि मला मागता येत नाही हे गावाला विचारा."

साहेबानं थोडा विचार केला आणि जरा लांबचा, फुलीवाला बारावा खांब दाखवला. त्याच्या माणसानं गिरमिटाचं टोक टेकवलं आणि दांडा फिरवायला लागला. पाच मिनिटांत तो घामाघूम झाला. बाहेर आल्या त्या लाकडाच्या तांबूस, कोरड्या, घट्ट वळ्या. त्यानं एक नाकाशी धरली. आजीला वास घ्यायची गरज नव्हती.

मग पाचवा. तिथं गिरमिट दोन वेढ्यांत मुठीपर्यंत आत गेलं आणि दांडा फिरवणारा खांबावर आपटला. बाहेर काळा चिखल ओघळला.

साहेबानं बोट त्यात बुडवलं. मग त्यानं करवतवाल्यांना हातानं मागं सारलं आणि नातीकडे वळून काहीतरी बोलायला लागला. नातीनं त्याला थांबवलं. "त्यांच्याकडे बघून बोला," ती म्हणाली. "आणि सावकाश. मोठ्यानं नको."

साहेब आजीसमोर येऊन उभा राहिला. "चूक माझी," तो म्हणाला, आणि हे शब्द तिला त्याच्या ओठांवर नीट दिसले. "अडतीसच्या अडतीस पुन्हा कराल का? आज, माझ्यासमोर. सात बदलले तर लाँच सुरू ठेवता येईल. आणि कागदावर तपासणाऱ्याचा हुद्दा लागतो. काय लिहू?"

"किरकोळ लिहायचे," ती म्हणाली.

त्यानं पेन उचललं नाही. वाट बघत राहिला.

"ठोकणारी," ती म्हणाली. "तेच होते मी. तेच लिहा."

पाणी परतायला अजून तासभर होता. तिनं साडीचा काठ खोचला, पहिल्या खांबाजवळ गेली, डावा तळवा त्याच्या ओल्या अंगावर पसरला आणि मोगरी उचलली. मारण्याआधी सवयीनं वर बघितलं.

वर सगळ्यांची तोंडं बंद होती. आत्ताआत्तापर्यंत वळवळणारे ओठ मिटले होते. लाँचच्या नळीतून धूर येत नव्हता, म्हणजे इंजिन बंद केलं होतं. चहावालीनं फुरफुरणारा स्टोव्ह विझवला होता आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. आठबोट्यानं एका रडणाऱ्या बाळाला आईच्या हातून घेऊन दूर नेलं होतं, आणि तिथं लांब तो त्याला पाठीवर थोपटत होता. तिला ऐकू यावं म्हणून गाव गप्प बसलं होतं. ती हातानं ऐकते हे आता सगळ्यांना माहीत होतं, तरी.

त्या शांततेचा तिला काडीचा उपयोग नव्हता. सांगावं का, असं तिच्या मनात आलं. नातही तोंड उघडून सांगणारच होती, तेवढ्यात आजीनं तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली.

तिनं मोगरी मारली. खांबातून ते आलं, तळव्यात शिरलं, मनगटातून कोपरापर्यंत चढलं. पहिल्या क्षणालाच कळलं होतं. तरी तिनं जबडा खांबाला टेकवला, डोळे मिटले आणि लागतो त्याहून थोडा जास्त वेळ तशीच उभी राहिली.