शेवाळी रंगाखालची ओल

मी आतल्या खोलीच्या भिंतीवरचा रंग बोलतोय. ऑलिव्ह हिरवा, त्यात जरा राखाडी मिसळलेला. डब्यावर माझं नाव भलतंच ऐटबाज होतं. घरात मात्र पहिल्या दिवसापासून मी 'शेवाळी'. पुढचा सगळा घोळ या नावानेच झाला.

मला बाळाच्या आईने निवडलं, दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात. चाळीस हिरव्यांतून मला उचलून तिने उन्हात धरलं, दिव्याखाली धरलं, उशीच्या अभ्र्याला लावून पाहिलं. तेव्हाच ओळखलं, ही बाई सहजासहजी विश्वास टाकणारी नाही.

ती दवाखान्यात असताना रंगारी आला. जिथे पाळणा ठेवायचा होता, त्या भिंतीवर तळहात टेकवून तो थबकला.

"साहेब, आत ओल आहे. भिंतीतला गळका नळ दुरुस्त करा, भिंत वाळू द्या. महिनाभर थांबा."

"अहो, परवा ती बाळाला घेऊन घरी येतेय," बाळाचा बाबा म्हणाला. "आत्ता मारून टाका. नंतर बघू."

मारलं मला. दोन हात.

थोड्याच दिवसांत मला आतून कुणीतरी ढकलू लागलं. पाळण्यामागे काळपट हिरवे ठिपके आले. बाळ खोकू लागलं.

"अरे, भिंतीला शेवाळ आलंय का?" आईने विचारलं.

"अगं, रंगच शेवाळी आहे," बाबा हसला. जरा जास्तच हसला.

"पहिलटकरणीला भिंतीतसुद्धा आजार दिसतो," सासूबाई म्हणाल्या.

आईने मला नाक लावून हुंगलं, नखाने टोकरलं. मग डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढली, वाढतो का ते बघायला.

दुसऱ्या दिवशी डाग फिका आणि रेघ गायब. "मी ओढली होती ना?" ती स्वतःशीच पुटपुटली. पुन्हा ओढली, पुन्हा गायब. झोप अपुरी पडतेय म्हणून आपल्याला भास होतात, इथवर तिची मजल गेली. मला सगळं माहीत होतं. ती आंघोळीला गेली की बाबा ओला फडका फिरवायचा. पण मी पडलो रंग! कोणाला सांगणार?

चौथ्या दिवशी तिने निळं स्केचपेन घेतलं. आंघोळीहून परतली, तर बाबाच्या हातात फडका आणि बोटं निळी.

"किती दिवस पुसतोयस?"

"रंगारी थांबा म्हणाला होता," तो खाली बघत म्हणाला. "पण तू येणार होतीस. खोली तयार हवी होती."

"आणि मला वाटत होतं, मलाच वेड लागलंय." तिने बाळाला उचललं. "आजपासून आम्ही बाहेरच्या खोलीत. नळवाल्याला बोलाव. आणि ही भिंत तू खरवडायचीस. रंगाऱ्याने नाही."

आता त्या भिंतीवरचा मी पोपडे होऊन वर्तमानपत्रावर पडलोय. उरलेल्या तीन भिंतींवर अजून आहे. खोकला कमी झालाय असं ती म्हणते, आणि लगेच "बहुतेक" असंही. येता-जाता माझ्यावर तळहात टेकवते, रंगाऱ्यासारखाच. दर वेळी मी श्वास रोखतो.

मला लावा, जरूर लावा. पण मला फक्त झाकता येतं, वाळवता येत नाही. आणि घरातलं कुणी "इथे काहीतरी दिसतंय" म्हणालं, तर कृपा करून माझं नाव पुढे करू नका.