मी आडवा झालेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जन्मलो उभा, पण सध्या नोकरी करतो आडवी. हसू नका. आधी ऐका, मग हवं तेवढं हसा.

ज्या झाडापासून मी झालो ते इतकं उंच होतं, की ढगांना त्याच्यापाशी वळसा घालून जावं लागे. खोटं वाटत असेल तर ढगांना विचारा. मला घडवणारा सुतार घाम पुसत म्हणाला, "भलता हट्टी आहे हा! माझ्या रंध्याचं पातं खाल्लं." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. तेव्हापासून मी हट्ट सोडलेला नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा घरात, आतल्या खोलीला मला बसवलं. खोली घरातल्या एकुलत्या एक लेकीची. पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, की बाबा तिला माझ्या कडेला पाठ लावून उभं करत आणि डोक्याच्या उंचीवर पटाशीनं एक खाच पाडत. पहिली, दुसरी, तिसरी, अशी थेट दहावीपर्यंत. दुखायचं हो! पण मी कधी कुरकुरलो नाही. कुरकुरायच्या त्या बिजागऱ्या. आणि भिंगरी रागावली की मला अशी आपटायची, की तळमजल्यावरचं दूध गॅस न पेटवताच उतू जायचं.

पुढे ती कॉलेजसाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मला उघडायला कोणी नाही, लावायला कोणी नाही. दरवाजाचा याहून मोठा अपमान नसतो. एके सकाळी आई माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, हा काढून द्याल का मला?"

आई लोकांना पडदे शिवून देत असे. लांबच्या लांब कापड जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर रांगत कापायची. बाबांनी माझे स्क्रू काढले, त्याच खोलीत मला दोन लाकडी घोड्यांवर निजवलं, आणि आईला जन्मात पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालं.

गंमत पुढेच आहे. भिंगरीच्या खाचा आईच्या बोटांना आपोआप लागत. ती त्यांवरच कापड मोजायला लागली. गिऱ्हाइकांना सांगायची, "तुमच्या खिडकीला चौथी पुरेल. बाल्कनीला मात्र दहावी लागणार." नवी गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडत. इथे पडद्यालाही शिक्षणाची अट आहे की काय!

मग एका दुपारी भिंगरी सगळं सामान घेऊन घरी आली. खोलीचं भाडं तिला परवडेनासं झालं होतं. घरी राहायचं, बसनं कॉलेजला जायचं, पैसे वाचवायचे आणि शिक्षण पुरं करायचं, असं तिनं ठरवलं होतं.

बाबांची बहीण, म्हणजे तिची आत्या, नेमकी घरात होती. "काय गं, पंख फुटले म्हणून उडालीस, आणि घरट्यातच आलीस होय परत?"

"उडतेच आहे, आत्या. फक्त या घरट्याला भाडं नाही," भिंगरी म्हणाली आणि खोलीत शिरली. शिरली ती थबकलीच. "आई! माझा दरवाजा?"

"आहे ना. त्याच्यावरच कापतेय."

"मला कडी लागणारं दार पाहिजे गं. मी काय लहान आहे आता? येता-जाता सगळे डोकावणार, मग मी अभ्यास कसा करू?"

पोरीचं चुकीचं नव्हतं. आई कापडाच्या घड्या घालत म्हणाली, "अहो, लावा परत जागेवर. मी बसेन खाली. आधी बसतच होते की." बोलता बोलता तिचा हात गुडघ्यावर गेला. तो भिंगरीला दिसला नाही. मला दिसला.

बाबांनी मला उचलून चौकटीला लावलं. मग मी काय केलं असेल? श्वास घेतला आणि रोखून धरला! चांगला टम्म फुगलो. इस्त्रीच्या वेळी आई शिंपडायची ते पाणी पिऊन लाकूड फुगलं, असं बाबा म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांनी ढकललं, खांदा लावला. आत्यानं नुसताच सल्ला लावला. मी तसूभर आत गेलो नाही.

"कड तासावी लागेल," म्हणत बाबांनी रंधा आणला. मित्रांनो, तेव्हा मात्र माझं पाणी पाणी झालं. खाचा त्याच कडेवर होत्या.

रंधा टेकला तशी आई बोलून गेली, "जपून हं. सातवी जाईल."

"कोण सातवी?" भिंगरीनं विचारलं.

आईनं तिचं बोट धरून खाचेवर ठेवलं. "ही तू. स्वयंपाकघरांचे पडदे मी हिच्यावर कापते."

भिंगरी एकेका खाचेवरून बोट फिरवत गेली. कापड घासून घासून सगळ्या खाचा गुळगुळीत झाल्या होत्या. मग तिनं आईकडे पाहिलं. आई पुन्हा गुडघा चोळत होती.

"बाबा, तो रंधा ठेवून द्या. टेबल आहे तिथंच राहणार."

"आणि तुझी कडी?"

"नको कडी. पण मला पडदा पाहिजे, जाड, दुहेरी. आणि चौकटीवर टकटक केल्याशिवाय आत कोणी यायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"टकटक? आपल्याच घरात?" आत्या कडाडली.

"हो आत्या. आपल्याच घरात."

मी पुन्हा घोड्यांवर चढलो. आईनं पडद्याच्या मापासाठी लेकीला माझ्यावरच आडवं केलं. दहावीनंतर कार्टी बोटभर वाढली होती! बाबांनी तिथं नवी खाच पाडली. "हिचं नाव काय ठेवायचं?"

"परत आली, असं ठेवा," आत्या म्हणाली.

"मुळीच नाही," आई म्हणाली. मी तिचा एवढा चढा आवाज कधी ऐकला नव्हता. "हिचं नाव कॉलेज. शिक्षण चालू आहे."

आता माझ्या एका टोकाला कात्री चालते, दुसऱ्या टोकाला अभ्यास. जागेवरून दोघींची रोज भांडणं होतात. आणि आत्या? काढा प्यायल्यासारखं तोंड करते, पण चौकटीवर टकटक करते.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरी आलेल्या लेकराला हरलेलं समजू नका आणि जुन्या दाराला भंगारात काढू नका. दोघांनाही जागा द्या, आणि आत शिरण्याआधी टकटक करा, मग समोर नुसता पडदा का असेना. मी आडवा असलो तरी दरवाजाच आहे. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, ते मला अजून चांगलं कळतं.