हेमिशच्या घागऱ्याचा पिवळा पट्टा

“लॉकी, ब्रश ठेव आणि खाली ये! आत्ताच्या आत्ता!”

नगराध्यक्षा बेव्ह खालून ओरडली, तेव्हा लॉकी रँकिन क्रेनच्या पाळण्यात उभा राहून हेमिशच्या कमरेला रंग देत होता. हेमिश म्हणजे आमच्या ग्लेनवारा गावचा, हमरस्त्यावर उभा असलेला स्कॉटिश पुतळा. उंची चौदा मीटर. माझ्या पेट्रोल पंपावर थांबणाऱ्यांना मी अठरा सांगतो. दुपारी त्याच्या दाढीच्या सावलीत चाळीस मेंढ्या बसतात. त्यातल्या दोन आता बॅगपाइपच्या सुरात बें बें करतात, हे मी स्वतः ऐकलंय. स्कॉटलंडहून येऊन ज्यांनी हे गाव वसवलं, त्यांची आठवण म्हणून तो उभा केला. त्याचा चौकडीचा घागरा, म्हणजे किल्ट, तीस वर्षं लॉकी एकटा रंगवतो आहे.

बेव्हशेजारी इसोबेल गेडी उभी होती. शनिवारच्या मेळाव्यासाठी थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसहून आलेली विणकर बाई.

“हा पिवळा पट्टा चुकीचा आहे,” ती लॉकीला म्हणाली. “तुमचे पूर्वज ज्या खोऱ्यातून आले, तिथल्या चौकडीत पिवळं काही नसतंच.”

“ऐकलंस?” बेव्ह म्हणाली. “शनिवारी तीनशे बॅगपाइपवाले येतायत. त्याआधी पुसून टाक.”

लॉकीचा चेहरा पडला. या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने आयुष्यात मिरवावं असं दुसरं काही केलेलं नव्हतं.

एव्हाना माझ्या पंपावर जमलेलं गाव रस्ता ओलांडून आलं होतं. कसाई बॅझ पुढे झाला. “बाई, आमच्या पोरांचे फुटबॉलचे मोजे या चौकडीचे. माझ्या बापाला हाच टाय बांधून पुरलाय. आता काय उकरून बदलू?”

“मी माझ्या मनाचं काही रंगवलं नाही,” लॉकी हळूच म्हणाला आणि घरी गेला. परतला तो पणजीची शाल घेऊन. पूर्वजांच्या जहाजातून आलेली ती एकच शाल गावात उरली होती. तिच्यावर बघूनच त्याने घागरा रंगवला होता.

पिवळा पट्टा शालीवर होता. लॉकीने छाती फुगवली.

इसोबेलने शाल उलटी केली, चष्मा चढवला आणि पट्ट्यावरून बोट फिरवलं. मागे बारीक बारीक गाठी होत्या.

“लॉकी, हे रफू आहे.”

“म्हणजे?”

“शाल विरली होती. तुमच्या पणजीने ती सुईने भरून काढली.”

“म्हणजे तीस वर्षं मी रफू रंगवत होतो?” लॉकी मटकन हेमिशच्या बुटावर बसला.

बॅझ हसला, मग सगळेच हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? इसोबेल मात्र हसली नाही. तिने लोकर बोटांत चोळली, नाकाशी नेली.

“मूळचा पट्टा लाल होता. तशी लोकर इथे कुठून मिळणार होती तिला? इथल्याच मेंढीची कातलीय, आणि कांद्याच्या सालींत उकळून रंगवलीय. बाकीची शाल आमची आहे. एवढा पट्टा तेवढा तुमचा.”

बेव्हने हेमिशकडे पाहिलं, बॅझच्या पायांतल्या मोज्यांकडे पाहिलं.

“बसलास काय, म्हाताऱ्या?” ती म्हणाली. “चढ वर. शनिवारपर्यंत झाला पाहिजे.”

“पुसून?”

“रंगवून रे, येड्या!”

लॉकीचा हात चहाच्या कपाला इतका थरथरतो की अर्धा चहा बशीत जातो. पण तो पट्टा त्याने असा सरळ ओढला की बाजूचा हमरस्ता वाकडा वाटू लागला. मग पाळणा खाली घेऊन तो घागऱ्याच्या आत शिरला आणि दोन दिवस आतच होता.

आता प्रत्येक प्रवासी गाडी थांबवतो, इकडेतिकडे बघतो आणि स्कॉटिश माणूस घागऱ्याखाली काय घालतो ते बघायला हळूच आडवा होतो. हसत हसत आडवा होतो, आणि मग तसाच पडून राहतो. वर, त्या पट्ट्याच्या मागच्या बाजूला, एका बाईच्या हातच्या बारीक बारीक गाठी जशाच्या तशा रंगवलेल्या असतात. एकही चुकलेली नाही.

मी मोजल्यात.