मयासुराचं घुबड

"बघा, ओठ मिटलेले आहेत, तोंडात पाणी आहे आणि घुबड बोलतंय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

शुक्रवारी सकाळी आखातातल्या ईसा टाउनमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध गादीवर गणपत महाराज बसले होते. मांडीवर मातीचं घुबड आणि त्याला जोडलेलं एक गोल मडकं. महाराज आधी प्रश्न विचारत, मग तोंडात घोटभर पाणी धरून नम्रपणे पुढे झुकत. घुबडातून आवाज येई, "हूऽऽ... हूऽऽ." माणसं शहारत आणि हात जोडत.

"मेक्सिकोतल्या माया राजाच्या थडग्यातलं आहे," महाराज सांगत. "माया म्हणजे कोण? आपला मयासुर! मयसभा बांधली आणि उतरला पाताळात. पाताळ म्हणजेच मेक्सिको. गोऱ्यांनीही कबूल केलंय!"

कोणत्या गोऱ्यांनी, हे कुणी विचारलं नाही.

मनाली दाराशी उभी होती. तिचा नवरा सलील भिंतीला टेकून कसाबसा बसला होता. तो एसी मेकॅनिक, विशीपासून रोज इन्सुलिन घेणारा. बुधवारी त्याच्या आईने, कुडाळहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या सत्यवतीबाईंनी, घुबडाला विचारलं होतं, "सुई बंद करू?" घुबड बोललं, म्हणजे होकार. घरी येताच बाईंनी इन्सुलिनची पेनं लपवली. टोचून टोचून कंटाळलेला सलीलही म्हणाला, "बघूया गं दोन दिवस."

आता तो सारखा ओकत होता. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता आणि तोंडाला पिकून सडलेल्या फळांचा वास येत होता.

"आई, हॉस्पिटलला नेऊ द्या त्यांना. पाया पडते!"

"गप रव! वीख भायर पडता हा."

महाराजांनी मनालीकडे बोट दाखवलं. "पोराच्या आड ही बाई येतेय का?" मग पाण्याचा घोट घेतला आणि पुढे झुकले.

"हूऽऽ."

ज्या बायकांबरोबर ती रोज डबा खायची, त्यांनीच तिला दंडाला धरून जिन्यात ढकललं आणि आतून कडी घातली.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि खालच्या मजल्यावर मर्विनसरांचं दार बडवलं. वसईचे मर्विनसर शाळेत संगीत शिकवायचे. त्यांच्या हाकेला कडी निघाली. आत घुबड पुन्हा घुमलं. साऱ्यांची नजर महाराजांच्या ओठांवर होती. सरांनी मांडीकडे पाहिलं.

"महाराज, ते टेबलावर ठेवा आणि मग विचारा."

"देव हुकमाने बोलत नाही!"

"तुम्ही झुकलात की मात्र बोलतो."

मनालीने पुढचं ऐकलं नाही. तिने झडप घालून घुबड उचललं आणि तिरकं केलं. आत पाणी डुचमळलं. हूऽऽ. सरळ करून पुन्हा तिरकं केलं. हूऽऽ.

"दोन पोटं आहेत याला, खालून नळीने जोडलेली," मर्विनसर म्हणाले. "तिरकं केलं की पाणी या पोटात येतं, इथली हवा ढकलली जाते आणि डोक्यातल्या शिट्टीतून बाहेर पडते. सिंपल! माया लोक मध्य अमेरिकेतले, भारी कुंभार. ते घुबडाला पाताळाचा दूत मानायचे, म्हणून मातीला त्याचा आवाज दिला. हे वाद्य आहे, आणि ही त्याची बाजारातली नक्कल."

"पण माझं प्रमोशन तर झालं ना..." मागून कुणीतरी पुटपुटलं.

ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरांनी शर्थ केली, पण फार उशीर झाला होता. संध्याकाळी सलील गेला.

पोलिसांपुढे गणपत शांतपणे म्हणाला, "मी कुठे सांगितलं सुई बंद करा? घुबडाने सांगितलं."

त्याच बायका भात-आमटी घेऊन भेटायला आल्या. एक म्हणाली, "नशीब गं बाई."

"नशीब नाही," मनाली म्हणाली. "पाणी एका पोटातून दुसऱ्या पोटात गेलं आणि तुम्ही दाराला कडी घातली. एवढंच झालं. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो हातात घेऊन बघा. घेऊ देत नसेल तर समजा, आत काहीतरी लपवलंय. आणि औषध बंद करायचं की नाही ते डॉक्टरला विचारा, मातीला नको."

बायका खाली मान घालून निघून गेल्या. कोपऱ्यात बसलेल्या सत्यवतीबाई बोलल्या. "एवढा सोप्पा होता, तर माका कोणी कित्याक सांगूक नाय?"

"हॉस्पिटलला नेऊ द्या, एवढंच मी सांगितलं होतं, आई."